संगणकाच्या दुकानातील रविवारची शाळा

आजचे युग संगणकाचे आहे, हे वाक्य आपण निबंधात इतक्या वेळा लिहिले आहे की त्याचा अर्थ आता आपल्या ध्यानातच येत नाही. मला तो समजला गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या दापोरा या गावी.

माझ्या आईचे माहेर रावेरचे. तिची धाकटी बहीण दापोऱ्याला दिलेली. बेळगावहून गोवा एक्सप्रेसने भुसावळ आणि तेथून बऱ्हाणपूरमार्गे मी मावशीकडे पोचले, तेव्हा घरात कोणी मोकळेपणाने बोलत नव्हते. कारण रात्री समजले. अकरावीतल्या माझ्या मावसभावाच्या हाती काकांचा मोबाईल होता. त्यावर ओळखीच्या नंबरावरून लग्नाची पत्रिका आली. त्याने ती उघडली. त्याच रात्री खात्यातले केळीच्या पैशांपैकी अठरा हजार पाचशे रुपये गेले. सकाळी बँकेचा संदेश पाहून त्याने घाबरून तो पुसून टाकला आणि दोन दिवस तोंड उघडले नाही. तिसऱ्या दिवशी काका खतासाठी पैसे काढायला गेले, तेव्हा उलगडा झाला. तोवर पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात गेले होते.

मावशी म्हणाली, “पैसे गेले ते गेले. पण पोरगं आमच्या भीतीनं दोन दिवस गप्प राहिलं, ते मनाला लागलं.”

गावात संगणकाचे एक दुकान आहे. समग्र आयडीची केवायसी, खसऱ्याची नक्कल, झेरॉक्स, सगळे तेथेच होते. अशी दोन-तीन प्रकरणे कानावर आल्यापासून दुकानदारदादांनी रविवारी संध्याकाळी ओट्यावर सतरंजी टाकून तासभर माहिती द्यायला सुरुवात केली आहे. समूहाच्या बाया, म्हातारी माणसे, कॉलेजची पोरे, सगळी येतात. मी दोन रविवार बसले. तेथे ऐकलेले आणि आपल्या वाणिज्य शाखेत शिकलेले एकत्र करून येथे मांडते.

आपल्याला १८८१ चा परक्राम्य संलेख कायदा अभ्यासाला असतो. त्याच्या पहिल्याच कलमात देशी भाषांतील हुंड्यांच्या रूढीला हात लावलेला नाही. या हुंड्यांपैकी दर्शनी हुंडी दाखवताच तिचे पैसे द्यावे लागत. शाहजोग हुंडीचे पैसे मात्र फक्त ‘शाहा’ला, म्हणजे बाजारात पत असलेल्या ओळखीच्या माणसालाच द्यायचे. हुंडी खोटी निघाली तर तो शाह पैसे परत करायला बांधलेला असे. बऱ्हाणपूर हे मोगलांच्या काळचे मोठे व्यापारी शहर. हुंडी पटविण्यापूर्वी “हा माणूस कोण?” हे विचारणे अशा पेठांच्या अंगवळणी पडलेले होते.

२०१६ साली आलेली यूपीआय ही जणू दर्शनी हुंडी आहे. क्षणात पैसे पोचतात, ही तिची थोरवी. पण “हा माणूस कोण?” हे विचारणारा मुनीम मध्ये उरलेला नाही. ते काम आता घरातल्या माणसांनी करायचे आहे. सारा उपदेश खरे तर एवढाच आहे. बाकीचे त्याचे तपशील.

पहिला तपशील पिनचा. यूपीआयचा पिन आपल्याकडून पैसे जाण्यासाठी लागतो. पैसे येण्यासाठी तो कधीच लागत नाही. “बक्षीस जमा करतो, पिन टाका” असे कोणी म्हटले की तेथेच थांबावे.

दुसरा ओटीपीचा. ओटीपी म्हणजे आपली सही. कोऱ्या कागदावर आपण सही करून देत नाही, तसा तो कोणाला सांगायचा नाही. दादा म्हणाले, “मला पण सांगू नका. अर्ज मी भरतो, आकडा तुम्ही टाका.” आधारची प्रत द्यायची तर तिच्यावर ती कशासाठी दिली ते लिहावे, किंवा पहिले आठ आकडे झाकलेले आधार काढून द्यावे, हेही त्यांनीच सांगितले. ज्याच्या दुकानात सगळ्या गावाचे कागद येतात त्याने हे सांगावे, याचे मला अप्रूप वाटले.

तिसरा त्या पत्रिकेचा. ती पत्रिका नव्हतीच, ते ॲप होते. अशा फाइलीच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. ती फोनवर बसवली की संदेश वाचण्याची परवानगी मागते. आपण ‘होय’ म्हटले की बँकेचा ओटीपी चोरालाही दिसतो. नंबर ओळखीचा असला म्हणून काय झाले? त्याचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो. खरी पत्रिका असेल तर एक फोन करून विचारायला किती वेळ लागतो?

चौथा पोलिसांच्या सोंगाचा. व्हिडिओवर गणवेशातला माणूस दिसतो, ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कोणाला सांगू नका’ असे दरडावतो. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. “कोणाला सांगू नका” हे शब्द ऐकताच आधी घरच्यांना सांगावे.

इतके करूनही पैसे गेले तर? तर १९३० हा नंबर लावायचा. २०२१ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेत तक्रार नोंदली की ज्या बँकेत पैसे गेले तिला कळवले जाते. पैसे तेथे असले तर ते रोखून धरतात. पुढे सरकले असले तर पुढच्या बँकेला कळवतात. म्हणजे ही शर्यत आहे. चोर खाती बदलत पळतो आणि तक्रार त्याच्यामागे धावते. पहिल्या तासात लावलेला फोन आणि तिसऱ्या दिवशी लावलेला फोन यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आपल्या बँकेलाही ताबडतोब कळवायला हवे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरवले की चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून तिसऱ्याचीच असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर नुकसान ग्राहकावर पडू नये. चूक ग्राहकाची असली तरी कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. दोन्हीकडे प्रश्न एकच: तुम्ही कधी सांगितले?

म्हणूनच माझ्या मावसभावाचे ते दोन दिवस मला फार महाग वाटतात. त्याला १९३० माहीत नव्हता असे नाही. त्याला काकांचा राग माहीत होता.

यावर दादांचा उपाय साधा आहे. चूक सांगायला येणाऱ्याला त्या दिवशी रागवायचे नाही. आधी फोन लावायचा, बोलायचे ते नंतर. मुलींना कोणी फोटोवरून धमकावले तरी हेच. फोन हिसकावून घेतला तर पुढच्या वेळी ती सांगणारच नाही.

मुलांना मोबाईलपासून दूर ठेवण्याचे प्रयत्नही चालू आहेत. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ठरवले की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद. या ठरावात मला आवडले ते हे की मोठ्यांनीही फोन खाली ठेवायचा आहे. स्वतः फोनवर बसून पोराला ‘अभ्यास कर’ म्हणण्यात काय अर्थ आहे?

आता दोन शब्द आपल्यासाठी. “तुझे खाते महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो” असे कॉलेजच्या पोरांना विचारणारे लोक असतात. मित्रहो, चोर ज्या खात्यांतून पळतो ती हीच खाती. त्यातून कोणाच्या तरी केळीचे, कोणाच्या तरी उसाचे पैसे जातात, आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या दारी. वाणिज्य शिकणाऱ्याने स्वतःची पत भाड्याने देऊ नये.

निघण्याच्या आधीच्या रविवारी मावसभाऊ स्वतः ओट्यावर उभा राहिला आणि त्याने आपली हकिगत सांगितली. काका मागे बसले होते. मध्ये एकदा त्याला पुढचे सुचेना, तेव्हा काकाच म्हणाले, “सांग रे, पुढं सांग.”

बेळगावला परतल्यावर मी शेजारच्या अज्जींच्या फोनमागे १९३० लिहिलेली चिठ्ठी चिकटवली. त्यांना मराठी बेताचे येते, म्हणून कानडीतूनच सांगितले, “हेळ्री, हेदरब्याड्री.” सांगा, भिऊ नका. दापोऱ्याच्या त्या शाळेतला पहिला धडा हाच होता.