चित्रातला पक्षी, कवितेतला सुग्गा

जगदीश स्वामिनाथन (1928–1994) यांची मोजकीच हिंदी कविता चित्रकाराचा फावल्या वेळचा छंद म्हणून बाजूला सारली जाते. हा निवाडा तपासून पाहण्याजोगा आहे.

सिमल्यात एका तमिळ कुटुंबात जन्मलेले स्वामिनाथन कम्युनिस्ट चळवळ, पत्रकारिता आणि कलासमीक्षा असा फेरा घेऊन चित्रकलेत स्थिरावले. 1962 मध्ये भावनगरला ज्या घरी त्यांचा चित्रकारमेळा जमला, त्याचा क्रमांक हेच मेळ्याचे नाव झाले : ‘ग्रुप 1890’. या गटाचे एकमेव प्रदर्शन 1963 मध्ये दिल्लीच्या रवींद्र भवनात भरले. उद्घाटन पंडित नेहरूंनी केले. सूचिपत्राची प्रस्तावना मात्र एका कवीची, ओक्ताव्हियो पाझ यांची होती. चित्राने कशाचेही वर्णन करू नये, हा स्वामिनाथन यांचा आग्रह. त्यांच्या गाजलेल्या चित्रमालेत सपाट, तेजस्वी रंगावर डोंगर, खडक, झाड आणि एक निश्चल पक्षी एवढेच असते. माणूस नाही, प्रसंग नाही.

‘सेब और सुग्गा’ या कवितेत तोच पक्षी वेगळ्याच रूपाने येतो. सुग्गे थव्याने उतरतात, चोच मारून फळ नासवतात. आणि त्रासलेला बागवान समोरच्याला म्हणतो की, झाडेच जाळून टाका, म्हणजे यांना घरटी बांधायला जागा उरणार नाही. चित्राने जे कटाक्षाने बाहेर ठेवले, ते नुकसान, तो संताप, ते बोलणे, सारे येथे आत आले आहे. ‘दूसरा पहाड़’ ही कविता चित्रांच्या अधिक जवळची आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु अस्सल कवी दिसतो तो बागवानाच्या बोलण्यातच. हा आवाज स्वामिनाथन यांचा नव्हे, दुसऱ्याचा आहे. भोपाळच्या ‘भारत भवन’मध्ये 1982 पासून आदिवासी कलावंतांना नागर चित्रकारांच्या शेजारी बसविणारी दृष्टी ती हीच. जनगढ सिंह श्याम याच दृष्टीला गवसले.

मराठी अनुवादकाची अडचणही येथेच सुरू होते. ‘सुग्गा’ला ‘राघू’ म्हणावे, तर पिंजरा आणि लाडिकपणा आपोआप चिकटतो. ‘पोपट’ कोरडा, पण बागेवर धाड घालू शकणारा. ‘महाराज’ हे संबोधन तसेच ठेवले, तर आपल्याला छत्रपती किंवा कीर्तनकार आठवतात. ‘मालक’ म्हटल्यास डोंगरातले सौजन्य हरवते. ‘पोपट’ निःशंकपणे घ्यावा. ‘महाराज’चा पर्याय अजून शोधावयाचा आहे.