नायिकेचा वर्ण



नभोवाणीचा एक गुण मला फार आवडतो. येथे बोलणाराचा वर्ण कोणास दिसत नाही. माझा आवाज आपल्या दिवाणखान्यात पोचतो. तो घोगरा की गोड, एवढे आपण ठरविता. पण कातडी गोरी की काळी, हा विचार आपल्या मनास शिवतही नाही. रंगभूमीचे व चित्रपटाचे तसे नाही. तेथे पडदा वर जाताच डोळा आधी निवाडा करतो आणि कान मागाहून येतो. या डोळ्याच्या निवाड्यांपैकी एकाविषयी मी आज बोलणार आहे. कृष्णवर्णीय स्त्री प्रेमकथेची नायिका होऊ शकते काय? दासी, नर्तकी, गायिका, नायिकेची मैत्रीण, ही कामे तिला मिळतात. परंतु नायक तिचा हात हाती घेणार, असा प्रसंग आला की प्रेक्षकांत चुळबूळ सुरू होते. ही चुळबूळ अमेरिकेतली, ती लंडनातली, असे म्हणून आपणांस सुटता यावयाचे नाही. तिचा एक फार जुना दाखला खुद्द महाराष्ट्रात आहे.

सन १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला आणि निजामशाही बुडाली असे सर्वांस वाटले. त्या वेळी मलिक अंबर या सरदाराने परंड्यास मुर्तजा नावाच्या तरुण राजपुत्रास गादीवर बसविले आणि आपली कन्या त्यास दिली. मलिक अंबर हा हबशी, म्हणजे आजच्या इथिओपियाकडचा. लहानपणी तो गुलाम म्हणून विकला गेला, बगदादच्या बाजारातून दक्षिणेत आला, आणि पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. जहांगीर बादशहाच्या फौजा त्याने वर्षानुवर्षे झुंजत ठेविल्या. आज ज्यास छत्रपती संभाजीनगर म्हणतात, ते शहर खडकी या नावाने त्यानेच वसविले. अशा पुरुषाची मुलगी सुलतानाची बेगम झाली. तिच्या बापाच्या तलवारीवरच ते सिंहासन उभे होते. तिला कोणी उणा शब्द बोलेल, अशी कल्पना तरी करवते काय?

पण तो बोलला गेला. मुर्तजाची थोरली बेगम इराणी होती, गोऱ्या वर्णाची. पीटर व्हान डेन ब्रुक नावाचा एक डच व्यापारी १६१७ मध्ये मलिक अंबरास भेटला होता. त्याच्या नोंदीवरून असे दिसते की १६१० मध्ये दोघी सवतींत भांडण झाले, आणि थोरलीने अंबरच्या कन्येस हिणविले : तू केवळ एक हबशीण, राजाची रखेली, आणि तुझा बाप बंडखोर. हे बोलणे अंबरच्या कानी गेले. परिणाम भयंकर झाला. अंबरने सुलतानास व त्या बेगमेस विष घालविले आणि पाच वर्षांच्या बाळास गादीवर बसविले.

विषप्रयोगाचे समर्थन कोणीच करणार नाही. माझे लक्ष त्या शिवीच्या घडणीकडे आहे. तिच्यातील तिसरा शब्द राजकारणाचा. तो सोडून द्या. पहिला कातडीचा, दुसरा विवाहाचा. हबशीण म्हणजे दासी, आणि दासी म्हणजे जिच्याशी संबंध ठेवता येतो पण जिला पत्नी म्हणता येत नाही. विधिपूर्वक झालेला निका, राजवाडा, बापाचे सैन्य, यांपैकी कशानेही हे समीकरण पुसले गेले नाही. काळ्या स्त्रीस घरात घ्यावयाला कोणाची हरकत नव्हती. तिच्यावर कोणी बरोबरीच्या नात्याने प्रेम केले, हे मान्य करावयाला मात्र हरकत होती. माझ्या मते चारशे वर्षांनंतरही सगळे भांडण याच एका जागी अडून बसले आहे.

आता आमच्या वसईकडे येतो. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली, हे शाळकरी पोरासही ठाऊक असते. वसई हे पोर्तुगीजांच्या उत्तरेकडील मुलखाचे मुख्य ठाणे, आणि त्यांची राजधानी गोवा. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर आल्बुकर्कने आपल्या शिपायांस येथील बायकांशी लग्ने लावण्यास उत्तेजन दिले. हे औदार्य पाठ्यपुस्तकात आवर्जून सांगतात. पण त्याने पोर्तुगालच्या राजास लिहिलेल्या पत्रांत पसंती आहे ती गोऱ्या वर्णाच्या मुसलमान स्त्रियांना. मलबारच्या काळ्या बायका आपल्या लोकांनी करू नयेत असे त्याचे मत होते. पुढे मोझांबिककडून गुलाम येऊ लागले. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने तेथील भर रस्त्यावर होणाऱ्या माणसांच्या लिलावाचे वर्णन लिहून ठेविले आहे. गोव्यात अशा आफ्रिकी माणसास ‘खाप्री’ म्हणत. पत्नी गोरी आणि दासी काळी ही जी विभागणी निजामशाही जनानखान्यात दिसली, तीच येथेही दिसते. फरक एवढाच की येथे ती राज्यकर्त्याने शाईने लिहून ठेविली.

कोणी म्हणेल, आपल्या रंगभूमीने तर काळ्या-गोऱ्यांची प्रेमकथा केव्हाच स्वीकारली आहे. खरे आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्येच ‘ऑथेल्लो’ मराठीत आणले, आणि गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये त्याचेच ‘झुंझारराव’ केले. पण मुळातील कथेत काळा आहे तो पुरुष. तो शूर सेनापती आहे, त्याच्या पराक्रमाच्या हकीकती ऐकून गोरी डेस्डिमोना त्याच्यावर भाळते. पुरुषाचा वर्ण त्याच्या तलवारीने झाकता येतो. याच्या उलट कथा, म्हणजे गोरा पुरुष काळ्या स्त्रीच्या गुणांवर भाळून तिच्यासाठी झुरत आहे अशी, आपल्या किती नाटकांत सापडेल? मी बराच विचार केला. मला एकही आठवत नाही.

अमेरिकेत तर गोऱ्या व काळ्या माणसांचे प्रेम पडद्यावर दाखविण्यासच बंदी होती. १९३४ पासून कसोशीने पाळली गेलेली चित्रपटांची नियमावली या बाबतीत १९५६ पर्यंत ढिली झाली नाही. त्या काळातले एक उदाहरण ऐकण्यासारखे आहे. ‘शो बोट’ या संगीतिकेत ज्युली नावाची मिश्रवंशीय स्त्री आहे. तिचा नवरा गोरा. लीना हॉर्न ही कृष्णवर्णीय गायिका-नटी त्या भूमिकेस सर्वथा योग्य होती. १९४६ च्या एका बोलपटात तिने ज्युलीचे गाणे म्हटलेही होते. पण १९५१ मध्ये ‘शो बोट’ निघाला तेव्हा ज्युलीचे काम एव्हा गार्डनर या गोऱ्या नटीस मिळाले, आणि तिची कातडी रंगभूषेने थोडी सावळी करण्यात आली. काळी स्त्री हवी होती. पण ती काळी असावयास नको होती!

हे ऐकून आपण अमेरिकेला हसण्यापूर्वी आपल्या घरातील दूरदर्शन संच आठवा. ‘रंग माझा वेगळा’ ही मराठी मालिका २०१९ ते २०२३ या काळात घरोघर पाहिली गेली. मूळ ‘करुत्तमुत्तु’ या मल्याळी मालिकेचा तो अवतार. काळ्या वर्णामुळे अपमान सोसणारी दीपा तिची नायिका. हेतू चांगला होता, आणि रेश्मा शिंदे यांच्या अभिनयास मी नाव ठेवीत नाही. पण त्यांचा मूळचा वर्ण उजळ. दीपा होण्यासाठी त्यांना रंग लावून काळे करावे लागले. वर्णास किंमत देऊ नका असे सांगणाऱ्या कथेत सावळ्या नटीस स्थान मिळू नये, यातला विनोद निर्मात्यांच्या ध्यानात आला नसेल काय? १९८३ च्या ‘रझिया सुलतान’ या हिंदी बोलपटातही याकूत हबशाचे काम धर्मेंद्र यांनी तोंड काळे करूनच केले होते. आणि द्रौपदी? तिचे दुसरे नावच कृष्णा, वर्णावरून पडलेले. १९८८ पासून दूरदर्शनवर ‘महाभारत’ दाखविले गेले, त्यातली द्रौपदी गोरी होती आणि कोणास काही खटकले नाही. सावळ्या विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवणारे आपण, सून पाहावयास निघालो की प्रथम रंग विचारतो.

येथे एक भेद मात्र मी स्पष्ट करू इच्छितो. आपल्या सावळ्या मुलीचे दुःख आणि आफ्रिकी वंशाच्या स्त्रीचे दुःख यांचे मूळ एक असले तरी माप एक नाही. आपल्या मुलीस निदान ‘रंग सावळा पण नाकीडोळी नीटस’ एवढी सवलत मिळते. दुसरीस तीही नाही. कारण तिचे केस, ओठ, नाक, सारेच त्या मापाबाहेर टाकलेले असते.

बेळगावच्या खाली, उत्तर कानडा जिल्ह्यातील यल्लापूर व हल्याळच्या रानात सिद्दी लोक राहतात. हे आफ्रिकी वंशाचे. कित्येक पिढ्या येथे काढलेले. कोंकणी, मराठी व कानडी बोलणारे. २०२१ मध्ये ‘सलग’ नावाचा कानडी बोलपट निघाला. त्यात गिरिजा सिद्दी व गीता सिद्दी यांनी इतरांसह म्हटलेले एक गाणे अतोनात लोकप्रिय झाले. त्यांचा आवाज हवा होता, त्यांचा ताल हवा होता. चित्रपटाची नायिका अर्थात दुसरीच होती.

आणि एक गंमत आमच्या गावची. कोल्डप्ले या इंग्रजी वाद्यवृंदाच्या एका गाण्याचे चित्रण काही अंशी वसईच्या किल्ल्यात झाले. ते २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. नातवाने मला ते ‘आजोबा, आपला कोट पाहा’ म्हणून दाखविले. त्यात बियॉन्से ही अमेरिकेची प्रख्यात कृष्णवर्णीय गायिका भारतीय बोलपटातील नायिका बनलेली आहे. दागिने, मेंदी, सारा साज आपला. पुढे वाद माजला तो परदेशी बाईने आपला वेश घालावा की नाही यावर. मला मात्र वेगळेच नवल वाटले. काळी स्त्री हिंदी चित्रपटाची नायिका आहे, हे स्वप्न पाहावयास विलायतेहून माणसे यावी लागली.

आता चाहत्यांकडे वळू. कारण निर्माते नेहमी त्यांच्याच आड लपतात. ‘द हंगर गेम्स’ या इंग्रजी कादंबरीत रू नावाची बारा वर्षांची पोर आहे. तिचा वर्ण गडद तपकिरी, असे लेखिकेने लिहिलेले आहे. तरीही २०१२ मध्ये चित्रपटात कृष्णवर्णीय मुलगी दिसताच पुस्तकाचे चाहते म्हणविणारे काहीजण संतापले. ती काळी निघाल्याने तिच्या मरणाचे दुःख कमी झाले, असेही लिहून गेले. पुस्तक त्यांनी वाचले होते. पण ज्या मुलीसाठी रडावयाचे ती गोरीच असणार, हे त्यांनी वाचण्यापूर्वीच ठरविले होते. २०२४ मध्ये लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स नाट्यगृहात ‘रोमिओ अँड ज्युलिएट’चा नवा प्रयोग बसविण्यात आला. रोमिओ टॉम हॉलंड हा गोरा नट, ज्युलिएट फ्रान्सेस्का अमेवुडा-रिव्हर्स ही कृष्णवर्णीय तरुणी. पहिला प्रयोग होण्यापूर्वीच, केवळ नाव जाहीर होताच, त्या मुलीवर इतक्या ओंगळ शिव्यांचा वर्षाव झाला की नाट्यसंस्थेस निषेधाचे निवेदन काढावे लागले, आणि आठशेहून अधिक कलावंतांनी, त्यांत बहुतेक कृष्णवर्णीय नटी, तिच्या पाठीशी उभे राहणारे पत्र प्रसिद्ध केले. तिने अजून एक वाक्यही उच्चारले नव्हते. अभिनय वाईट, अशी तक्रार असूच शकत नव्हती. तक्रार एवढीच, की रोमिओ हिच्यासाठी प्राण कसा देईल?

निर्माते म्हणतात, ‘आम्हास काही वाटत नाही हो, प्रेक्षकांना पटत नाही.’ हे वाक्य मी शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या तालमीतही ऐकले आहे. शकुंतलेचे सारे संवाद जिला मुखोद्गत होते तिला प्रियंवदा करतात, आणि जिची जीभ जड पण वर्ण केतकी ती शकुंतला होते. विचारले तर पालकांचे नाव पुढे केले जाते. या वाक्यास माझे उत्तर एका नावात आहे : बालगंधर्व. १९११ मध्ये ‘मानापमान’ आले, १९१९ मध्ये ‘एकच प्याला’. नारायणराव राजहंस नावाचा एक पुरुष भामिनी होऊन, सिंधू होऊन उभा राहिला आणि आपल्या आजोबा-पणजोबांनी त्याच्यावर जीव ओवाळून टाकला. बायकांनी त्याच्या लुगड्याची तऱ्हा उचलली. शेक्सपिअरच्या वेळी खुद्द ज्युलिएटचे कामही मुलगेच करीत. पुरुषास स्त्री मानण्याइतकी ज्या प्रेक्षकाची कल्पनाशक्ती लवचिक, त्याला एका स्त्रीस स्त्री मानणे जड जाते, हे मी कसे मानावे? अडचण कल्पनाशक्तीची नाही. प्रेक्षकास जे पाहण्याची सवय लावली ते त्याला पटते, आणि ही सवय लावण्याचे काम निर्मात्यांचेच होते.

हा विषय आमच्या वसई-विरारकरांस आता नाट्यगृहापुरता राहिलेला नाही. नालासोपाऱ्याच्या पूर्वेकडे गेली काही वर्षे आफ्रिकी देशांतून आलेली माणसे राहतात. काही थोड्यांच्या गुन्ह्यांच्या बातम्या येतात आणि त्यांचा बोल सर्वांना लागतो. भाजी घेऊन घरी निघालेल्या आफ्रिकी बाईकडे रिक्षाच्या रांगेतील माणसे ज्या नजरेने पाहतात, ती नजर मला त्या इराणी बेगमेच्या नजरेहून फार निराळी वाटत नाही. उद्या आपल्यापैकी कोणाचा मुलगा, येथेच किंवा परदेशी शिकावयास गेला असता, अशा एखाद्या मुलीस घेऊन दारात उभा राहिला तर? नोकरीतली सहकारी म्हणून तिला चहा मिळेल. सून म्हणून काय मिळेल, ते ज्याने त्याने आपल्या माजघरात बसून ठरवावे.

कायद्यापुरते सांगावयाचे तर वाट मोकळी आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने भारतीय व परदेशी यांचा विवाह येथे नोंदता येतो. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस वास्तव्य हवे. मग विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावयाची, ती कचेरीत लावली जाते आणि हरकतींसाठी तीस दिवस थांबतात. कायद्यासोबत त्या नोटिशीचा नमुना जोडलेला आहे. त्यात नाव, अविवाहित की विधवा, व्यवसाय, वय, राहण्याचे ठिकाण व तेथील वास्तव्याचा काळ, एवढेच रकाने आहेत.