दान सोपे, न्यास अवघड

निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून आईवडिलांच्या नावे एखादा न्यास स्थापन करावा, असा मनोदय मध्यमवर्गीय घरांतून अनेकदा बोलून दाखविला जातो. हेतू निर्मळ असतो. न्यास म्हणजे काय याची कल्पना मात्र बहुधा धूसर असते. आपला पैसा आपल्याच हाताने, आपल्या मर्जीप्रमाणे सत्कार्यी लावण्याची ही सोय आहे, असे दाता धरून चालतो. वस्तुतः रक्कम न्यासाच्या स्वाधीन होताच ती त्याची राहत नाही. तो उरतो तो केवळ तिचा राखणदार.

महाराष्ट्रात नोंदणीचा मार्ग फारसा बिकट नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली (या कायद्याला पूर्वी मुंबईचे नाव होते, आता महाराष्ट्राचे आहे) न्यास निर्माण झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करावयाचा असतो. खरा विचार व्हावयास हवा तो विश्वस्तपत्रातील उद्दिष्टांच्या कलमाचा. आणि नेमके तेच कलम दुसऱ्या कोणाच्या तरी दस्तऐवजावरून उतरवून घेतले जाते!

हे कलम किती दूरवर पोहोचते, हे मुंबईच्याच एका न्यासाच्या इतिहासावरून दिसते. सर दोराबजी टाटा यांनी १९३२ मध्ये आपली संपत्ती, पत्नीच्या जडजवाहिरासह, न्यासाच्या हवाली केली आणि त्याच वर्षी ते निवर्तले. उद्दिष्टे त्यांनी मोकळी ठेवली होती. १९३६ मध्ये या न्यासाने समाजकार्याच्या शिक्षणाची संस्था काढली, १९४१ मध्ये परळचे कर्करोग रुग्णालय उघडले. १९४४ मध्ये होमी भाभांनी मूलभूत विज्ञानाच्या संशोधनासाठी विश्वस्तांकडे साहाय्य मागितले, तेव्हा 'हे आमच्या उद्दिष्टांत बसत नाही' असे उत्तर देण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही; पुढच्याच वर्षी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. यांतील एकही संस्था दात्याने पाहिली नाही. पुढे १९५७ मध्ये रुग्णालय केंद्र सरकारच्या स्वाधीन झाले, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. उभारलेले सोडून देणे हे उभारण्याइतकेच विश्वस्तांचे काम असते, आणि ते अधिक जड जाते.

टाटांची संपत्ती कोठे आणि कारकुनाची ग्रॅच्युइटी कोठे, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु रक्कम लहान असली की चूक अधिक महाग पडते. समजा, एखाद्या शिक्षकाने आपल्या गावच्या एकाच शाळेतील सातवीच्या मुलांना पारितोषिके देण्यापुरता न्यास केला आणि पटाअभावी ती शाळा बंद पडली. मग त्या पैशाचा विनियोग मूळ हेतूच्या जवळच्या कार्याकडे वळविण्यासाठी न्यायालयापर्यंत जावे लागते. वकिलाची फी मूळ निधीलाच कुरतडते.

दुसरी अडचण वारसांची. विश्वस्त म्हणून पत्नी, मुलगा, सून आणि एखादा स्नेही यांची नावे लागतात. मुलगा परगावी स्थायिक होतो, स्नेही वारतो. विश्वस्तांमधील बदल ९० दिवसांच्या आत कळवावयाचा असतो. तो कळविण्याचे राहून जाते. काही वर्षांनी सरकारी नोंदीत दिवंगतांचीच नावे उरतात आणि बँक हयात माणसाची सही मानीत नाही. न्यासाकडे एखादे घर वा जमीन असेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून ते विकता येत नाही. हा निर्बंध योग्यच आहे, पण 'आपलेच तर घर' अशा समजुतीत वाढलेल्या पुढच्या पिढीला तो जाच वाटतो.

शिवाय हिशेबाची कटकट आहेच. आयकराची सूट हवी तर उत्पन्नाचा किमान ८५ टक्के भाग उद्दिष्टांसाठी वापरला गेल्याचे दाखवावे लागते, आणि २०२१ पासून त्या सवलतीची नोंदणी कायमची राहिलेली नाही. ठरावीक मुदतीने ती नव्याने करून घ्यावी लागते. पाच लाखांच्या ठेवीवर सात टक्के व्याज धरले, तर वर्षाला ३५,००० रुपये हाती येतात. त्यांतून लेखापरीक्षकाचे शुल्क वजा जाता विद्यार्थ्यांसाठी काय उरते, याचा हिशेब आधी मांडावा.

स्मृती जतन करण्यास स्वतंत्र न्यासच लागतो असे नाही. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली ती धोंडो केशव कर्वे यांनी चार वर्षांपूर्वीच स्थापिलेल्या महिला विद्यापीठाला. आपल्या मातेचे, नाथीबाईंचे, नाव त्यांनी त्या विद्यापीठाला जोडले. स्वतःची वेगळी संस्था काढली नाही. एका गिरणीमालकाला जे पुरेसे वाटले, ते निवृत्त शिक्षकालाही पुरावयास हरकत नसावी. जवळच्या महाविद्यालयात वा ग्रंथालयात नावाचा निधी ठेवता येतो. देणगीपत्रात दोन वाक्ये मात्र अवश्य असावीत : मुद्दल मोडू नये, आणि ठरविलेली शिष्यवृत्ती देणे अशक्य झाल्यास संस्थेच्या नियामक मंडळाने व्याज त्याच विद्यार्थिवर्गाच्या अन्य शैक्षणिक गरजेसाठी वापरावे.