घरची शाई, घरची खळ



स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या प्राध्यापकाने एखादा संत किंवा कवी निवडावा, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. मी मात्र आज आपणांस स्वयंपाकघरात नेणार आहे. ज्या ग्रंथांविषयी मी आयुष्यभर बोलत आलो, ते ज्या शाईने लिहिले गेले आणि ज्या खळीने त्यांचे पुठ्ठे चिकटवले गेले, ती शाई व ती खळ चुलीशेजारीच सिद्ध होत असे. काजळ, डिंक, हिरडा, मैदा, चिंचोके, मेथी आणि हळद एवढ्या सामग्रीवर आपल्या लेखनव्यवहाराचा व हस्तकलांचा मोठा भाग उभा होता.

प्रथम शब्दांकडे पाहू. 'शाई' हा शब्द फारसी 'सियाही'वरून, म्हणजे काळेपणावरून, आला. त्यापूर्वीचा आपला शब्द 'मस' किंवा 'मसी'. मराठीत तो जवळजवळ लोपला. पण नवनगरात राहणाऱ्यांना तो रोज कानी पडतो, कारण कन्नडमध्ये शाई आणि काजळी या दोहोंना आजही 'मसी'च म्हणतात. शाई कशापासून होत असे, याचे उत्तर त्या एका शब्दातच आहे.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेला वाहिला आहे. अक्षर कसे असावे एवढे सांगून ते थांबत नाहीत; निरनिराळ्या देशांचे बोरू, ते तासण्याची हत्यारे, रेखाटण्या, हिंगूळ आणि मसीचा संग्रह अशी जणू यादीच ते देतात. मोक्षमार्ग सांगणाऱ्या ग्रंथात बोरूच्या जाडीची चिकित्सा यावी, याचे विद्यार्थिदशेत मला हसू आले होते. पुढे संशोधनाच्या निमित्ताने हस्तलिखिते हाताळू लागलो, तेव्हा ते हसू मावळले.

काजळाची शाई अशी होते. तिळाच्या तेलाचा दिवा लावून त्याच्या ज्योतीवर मातीचे किंवा तांब्याचे भांडे पालथे धरावे आणि जमलेले काजळ पिसाने झाडून घ्यावे. बाभळीचा डिंक रात्रभर पाण्यात भिजवून फडक्यातून गाळावा. काजळात तेलाचा अंश राहत असल्यामुळे ते पाण्यावर नुसते तरंगते. म्हणून आधी दाट डिंकात ते खलावे आणि पाणी मागाहून थेंबाथेंबाने घालावे. डिंक प्रत्येक कणाभोवती लेप धरतो व कण पाण्यात तरते राहतात. हा खल तासन्‌तास चालत असे, आणि घाई करणाऱ्याची शाई तळाशी बसे. डिंक कमी पडला तर वाळलेले अक्षर बोटाला लागते. अधिक झाला तर अक्षराला तडे जातात आणि पावसाळ्यात पाने एकमेकांना चिकटतात. काजळ म्हणजे शुद्ध कोळसाच. उन्हाने त्याचा रंग उडत नाही, म्हणून शतकांपूर्वीचे अक्षर आजही काळेभोर दिसते. त्याला भय फक्त पाण्याचे. ओल्या बोटाने पान उलटू नये, हा दंडक त्यातून आला.

फाउंटन पेन आले आणि ही शाई मागे पडली, कारण काजळ व डिंक त्याच्या बारीक नळीत वाळून बसतात. पुड्या पाण्यात कालवून केलेली निळी शाई दौतीत आली, आणि दिव्यावर भांडे धरण्याचे कारण उरले नाही.

लिहिताना चुकलेल्या अक्षरावर पिवळ्या हरताळाचा लेप देऊन त्यावर पुन्हा लिहीत. 'हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार तेथलाच. (संपाला म्हणतात तो हरताळ वेगळा, त्याचा संबंध हाट आणि ताळे यांच्याशी आहे.) मात्र हा हरताळ म्हणजे सोमलाच्या जातीचे विष, आणि हिंगूळ हे पाऱ्याचे संयुग. जुने ते सारे निर्मळ असे मानणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे. हे दोन्ही पदार्थ मुलांच्या हाती कदापि देऊ नयेत.

आता खळ. एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात कालवावा, चार वाट्या पाणी उकळत ठेवून त्यात ते मिश्रण ओतावे व पारदर्शक होईतो ढवळावे. गार पाण्याची पायरी गाळणाऱ्याच्या पदरी गुठळ्या पडतात, कारण उकळते पाणी कोरड्या पिठावर पडताच गोळ्याची बाहेरची कड फुगून चिकट होते व आतले पीठ कोरडेच राहते. बांधणीकार त्यात कसरीसाठी मोरचूद टाकीत. तेही विषारीच, घरी नको. त्यावाचून खळ दोन-तीन दिवस टिकते, तेवढी पुरे. हातमागावर ताण्याचे सूत तुटू नये म्हणून त्यालाही खळच देतात. राष्ट्रध्वजाच्या खादी कापडासाठी ज्याने नाव मिळवले ते गरग आपल्या धारवाडजवळचेच.

चिंचोक्याची खळ याहून चिवट. चिंचोके भाजून टरफल काढावे, गर भिजवून वाटावा आणि शिजवावा. सावंतवाडीची गंजिफा याच खळीवर उभी आहे: कापडाला ती खळ आणि खडूची भुकटी यांचे थर देऊन, घोटून, त्यावर चित्रे काढतात आणि शेवटी लाखेचा हात देतात. दशावतारी गंजिफेच्या अशा १२० गोल चकत्या असतात. ही कला विझू लागली असता तेथील राजघराण्याने तिला राजवाड्यातच आसरा दिला. आपल्या बाजूला कोप्पळजवळच्या किन्नाळची खेळणी आणि देवतामूर्ती प्रसिद्ध आहेत; हलक्या लाकडावर जो लेप चढवतात त्यातही चिंचोक्याची खळ असते. दोन भाषांचे कारागीर एकाच झाडाखाली बिया वेचीत होते, असे म्हणावयास हरकत नाही.

आमच्या घरी रद्दी भिजवून, कुटून, त्यात वाटलेली मेथी घालून टोपल्या करीत. पालथ्या भांड्यावर लगदा थापून उन्हात वाळवायचा. मेथीचा बुळबुळीतपणा लगद्याला धरून ठेवतो आणि तिच्या कडूपणामुळे कीड लागत नाही, अशी आईची खात्री होती. हळदीत चुन्याची निवळी पडताच लाल रंग उमटतो, हे तर प्रत्येक घराला ठाऊक होते. परंतु हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, तेव्हा चित्रासाठी तो बेभरवशाचा.

शेवटी एका वहीविषयी. माझ्या आजोबांची जमाखर्चाची वही हिरड्याच्या शाईत लिहिलेली आहे. हिरड्याचा काढा आणि हिराकस एकत्र केले की प्रथम फिकट द्रव मिळतो. कागदावर हवा लागताच तो काळा होतो व तंतूंत मुरतो. पाण्याने तो पुसला जात नाही, म्हणून व्यवहाराच्या कागदांना तो भरवशाचा वाटे. पण हिराकसातून आम्ल सुटते, आणि ते दमट हवेत कागद खात राहते. काही वर्षांपूर्वी ती वही मी उघडली, तेव्हा जेथे आजोबांनी बोरू दाबून लिहिले होते तेथली अक्षरे गळून पडली होती. पानाला अक्षरांच्याच आकाराची भोके होती. पाने झटकू नयेत, चिकटपट्टी लावू नये, ओलावा लागू देऊ नये, एवढे मी जाणत होतो. धुतलेल्या मऊ फडक्यात गुंडाळून ती कोरड्या जागी आडवी ठेवली आहे. वाचायची असेल तेव्हा पानाखाली एक काळा कागद हलकेच सरकवतो. मग भोकांतून काळे दिसते, आणि आजोबांचे अक्षर पुन्हा वाचता येते.