स्वस्तात गाणारा टचफोन
तमाशाची पंढरी नारायणगाव जुन्नर तालुक्यात. इथं फोन घेताना आवाज आधी पाहावा. नोकियाचा ५८०० एक्स्प्रेसम्युझिक २००८ मध्ये जाहीर झाला: ३.२ इंची टचस्क्रीन, ३.५ मिमी जॅक, सोबत ८ जीबीचं मेमरी कार्ड. नोकियाच्याच २०१० च्या ५२३३ मध्ये थ्रीजी आणि वायफाय गाळले, पडदा आणि जॅक तेच ठेवले, म्हणून तो स्वस्त. कार्डावर भरलेल्या लावण्या-गवळणी ऐकणाऱ्यासाठी ही काटछाट अगदी योग्य. पडदा दाबावर चालणारा. नखानेही चालतो, पण बोट हलकं फिरवून भागत नाही. नारायणगावात किंवा मंचरला जुना सेट घ्याल, तर स्वतःचा हेडफोन नेऊन दोन्ही कानांत आवाज येतो का ते तपासा आणि फुगलेली बॅटरी घेऊ नका.