अंगणातलं उंच गवत

विश्रांतवाडीच्या चौकातून आळंदी रस्त्याने दिघीकडे निघालं, की इमारतींच्या गर्दीतही मध्येच मोकळा माळ दिसतो. त्यातला बराचसा संरक्षण खात्याच्या कुंपणाआड असल्यामुळे टिकला आहे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात तिथलं गवत कमरेपर्यंत आलेलं असतं. पावसाळ्यातला हिरवा रंग उतरून आधी तांबूस आणि मग पिवळाधमक रंग चढतो. कुंपणाच्या अलीकडे, बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या आवारात, गवत म्हणजे लॉन. बोटभर उंचीचं, सतत कापलेलं आणि उन्हाळ्यात रोज पाणी मागणारं. दोन्हीकडे तोच मुरूम आहे आणि तोच सातशे मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडून जाणारा. पुण्याच्या या बाजूला बाग करणाऱ्यांनी भिंतीपलीकडच्या त्या उंच गवताकडे बागेचं झाड म्हणून पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

उंच गवत बागेत मुद्दाम लावण्याची आवड नवी नाही. जर्मनीत पॉट्सडॅमजवळच्या बोर्निम इथे कार्ल फोर्स्टर (१८७४–१९७०) या रोपवाटिकाकाराने आयुष्यभर गवतांची आणि बहुवर्षायू फुलझाडांची निवड केली. पुढे नेदरलँड्सच्या पीट ऑडॉल्फ यांनी वाळलेली पानं आणि तुरे हेही बागेचं सौंदर्य मानणारी शैली रूढ केली. न्यूयॉर्कमध्ये जुन्या उन्नत रेल्वेमार्गावर २००९ मध्ये खुली झालेली ‘हाय लाइन’ बाग त्यांच्याच लागवडीमुळे ओळखली जाते. तिथे रुळांमध्ये आपसूक उगवलेल्या रानगवतावरूनच लागवडीची कल्पना सुचली होती. आपल्या रोपवाटिकांत आता फाउंटन गवत आणि पंपास गवत मिळतं ते याच लाटेतून आलेलं. लाटेसोबत तिकडची रोपंही घ्यायलाच हवीत असं मात्र नाही.

आपल्या माळावरची गवतं उन्हात इतकी जोमाने वाढतात याचं कारण त्यांच्या पानांच्या आत आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून साखर तयार करण्याचं काम वनस्पतींमध्ये रुबिस्को नावाचं विकर करतं. ऊन वाढलं की ते कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनही पकडू लागतं आणि झाडाची बरीच मेहनत वाया जाते. उष्ण प्रदेशातल्या गवतांनी यावर तोड काढली आहे. पानातल्या बाहेरच्या पेशी कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बनच्या आम्लात बांधतात आणि शिरांभोवती कड्यासारख्या रचलेल्या आतल्या पेशींकडे पाठवतात. तिथे तो मोकळा होतो, दाटतो आणि रुबिस्कोला चूक करायला वाव उरत नाही. पानांवरची छिद्रं फार उघडी ठेवावी लागत नसल्यामुळे तेवढ्याच वाढीला पाणी साधारण निम्मं लागतं. हॅल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन इथे १९६६ मध्ये ही साखळी उलगडली, तीही उसावर काम करताना. ऊसही गवतच.

लॉनची हरळीसुद्धा याच गटातली आहे. मग तिला इतकं पाणी का लागतं? कारण आपण तिला वाढूच देत नाही. गवताची मुळं पानांनी कमावलेल्या साखरेवर वाढतात. पान सतत छाटलं की मूळ वरच्या वितीतच राहतं, आणि उन्हाळ्यात सगळ्यात आधी सुकते ती हीच वीतभर माती. तेच गवत पूर्ण उंचीला जाऊ दिलं की जमिनीखालीही खोल जातं.

खोल जाण्यात वाळ्याचा हात कुणी धरणार नाही. अनुकूल जमिनीत त्याची मुळं वर्षभरात तीन मीटरपर्यंत सरळ खाली उतरतात. आडवी पसरत नसल्याने शेजारच्या वाफ्याला त्रास नाही. म्हणूनच १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या रिचर्ड ग्रिमशॉ आणि जॉन ग्रीनफील्ड यांनी मृदसंधारणासाठी त्याचा जगभर प्रसार केला. कर्नाटकातले शेतकरी तर त्याआधीपासूनच बांधावर वाळ्याच्या रांगा लावत होते. आपण त्याला माठातल्या पाण्याच्या वासामुळे आणि कूलरच्या ताट्यांमुळे ओळखतो. अंगणातलं झाड म्हणून मात्र त्याचा विचार क्वचितच होतो. खरं तर पुरुषभर उंच, कमानीसारखी वाकणारी पानं आणि पावसाळा सरताना येणारे जांभळट तुरे इतकं सगळं हे एकटं गवत देतं. लागवडीतल्या वाळ्याला उगवणारं बी जवळजवळ येत नाही, त्यामुळे तो लावला तिथेच राहतो. सोसायटीच्या आवारात छपराचं पाणी जिथे पडतं किंवा उताराची माती जिथे वाहून जाते, तिथे वाळ्याची एक रांग लावून पाहा. धानोरीकडच्या उतारांवर तर तिची गरजच आहे.

दुसरं नाव कासाचं. नदीकाठी आणि ओढ्यांत पावसाळ्याच्या शेवटी पांढऱ्या रेशमी तुऱ्यांनी डोलतं ते हेच. उंची तीन मीटरवर जाऊ शकते. दिसायला याच्याइतकं देखणं गवत आपल्याकडे दुसरं नाही, आणि महाराष्ट्रावर त्याचे उपकारही मोठे आहेत. १९१२ मध्ये कोइमतूरला ऊस पैदास केंद्र सुरू झालं. चार्ल्स बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी तिथे गोड, जाड उसाचा या रानटी कासाशी संकर केला. त्यातून निघालेली ‘को २०५’ ही जात १९१८ मध्ये शेतात आली. उसाला रोगाशी आणि पाण्याच्या ताणाशी झुंजण्याचं बळ कासाकडून मिळालं. १९३० च्या दशकात जानकी अम्मल यांनी तिथेच उसाच्या गुणसूत्रांवर काम केलं. आज बारामतीपासून कोल्हापूरपर्यंत ज्या जाती उभ्या दिसतात, त्यांच्या गुणसूत्रांत कासाचा वाटा आहे.

एवढं असूनही कास मोकळ्या वाफ्यात लावू नये असंच मी सांगेन. जमिनीखालच्या आडव्या खोडांनी ते झपाट्याने पसरतं. बुंदेलखंडातल्या शेतकऱ्यांना त्याने पिढ्यानपिढ्या छळलं आहे आणि पनामा कालव्याच्या परिसरात ते जंगलाला परत येऊ देत नाही. हवंच असेल तर बूड काढलेलं पिंप जमिनीत गाडून त्यात लावावं, आणि पिंपाचा काठ जमिनीच्या वर चार बोटं राहू द्यावा.

रोशा गवताला अशी कैद लागत नाही. डोंगरउतारावर आपसूक वाढणारं, दोन मीटरपर्यंत जाणारं हे गवत तुरा पिकताना तांबूस होतं आणि पान चुरगळलं की गुलाबासारखा वास येतो. तो वास जिरॅनिऑल या द्रव्याचा; गुलाबातही तेच असतं. एकोणिसाव्या शतकात खानदेश आणि निमाडात रोशा तेलाच्या भट्ट्या चालत. ते तेल मुंबईहून तुर्कस्तानात जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. गवती चहा या रोशाचाच भाऊबंद. स्वयंपाकघराच्या दाराशी तो असतोच. त्याला कोपऱ्यात न कोंबता चारही बाजूंनी वाढू दिलं तर त्याचा गोल, भरदार ठोंब स्वतःच शोभेचा होतो.

माळावरचं सगळंच अंगणात आणण्यासारखं नाही. कुसळीचं गवत दिसतं सुंदर, पण त्याच्या दाण्याला लांब, पीळ पडलेलं कुसळ असतं. वाळलं की पीळ घट्ट होतो, दमट हवेत सुटतो. तंतू तिरपे गुंडाळलेले असल्यामुळे ही हालचाल होते आणि दाणा स्वतःच मातीत शिरतो. चार्ल्स डार्विन यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८७६ मध्ये अशा बियांचं हे यंत्र समजावून सांगितलं होतं. मात्र मातीत शिरणारं टोक मेंढीच्या लोकरीत आणि कातड्यातही शिरतं, मग लहान मुलांच्या पायाचं काय सांगावं! कुसळी माळावरच पाहावी.

आणि फाउंटन गवत. त्याचं हिरवं रूप फलनाशिवायही बी धरतं आणि ते बी वाऱ्यावर दूर जातं. हवाई बेटांवर ते लाव्हाच्या उघड्या जमिनीवर पसरलं, वाळल्यावर पेटलं आणि आगीनंतर पुन्हा तेच वाढलं. युरोपीय महासंघाने २०१७ मध्ये त्याला घातक परक्या जातींच्या यादीत घातलं. लाल-जांभळ्या पानांच्या ‘रुब्रम’ प्रकाराला बी क्वचितच येतं, त्यामुळे रंगासाठी तो लावायला माझी हरकत नाही. हिरवा मात्र माळाच्या इतक्या जवळ नको. पुण्याला हा धडा एकदा मिळालेला आहे. गाजर गवत, जे मुळात गवत नसून सूर्यफुलाच्या कुळातलं आहे, त्याची भारतातली पहिली शास्त्रीय नोंद पुण्यातून आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे ते देशभर कसं पसरलं, हे प्रत्येक रिकाम्या प्लॉटवर दिसतंच.

माळ म्हणजे पडीक जमीन, तिथे झाडं लावली की तिचं भलं होतं, ही समजूत अजून घट्ट आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुन्या मराठी साहित्यातले आणि लोकरचनांतले वनस्पतींचे उल्लेख तपासले. त्यातल्या बहुतेक वनस्पती उघड्या, गवताळ, काटेरी प्रदेशातल्या निघाल्या. पश्चिम महाराष्ट्राचे हे माळ किमान साडेसातशे वर्षं तरी असेच आहेत. जंगल तुटून ते उरलेले नाहीत. ब्लॅटर आणि मॅककॅन यांनी मुंबई इलाख्यातल्या गवतांचा ग्रंथ १९३५ मध्येच दिला होता. शिवाजी विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१२ मध्ये महाराष्ट्रातल्या गवतांचा ग्रंथ सिद्ध केला. ज्ञान आहे, ते बागेपर्यंत यायचं राहिलं आहे.

आता लागवड. गवताला लाड सोसत नाहीत. मुरमाड जमीन असेल तर एक-दोन घमेली शेणखत पुरे. खत जास्त झालं की पानं मऊ पडतात आणि पहिल्या जोराच्या सरीत ठोंब लोळतो. दिवसाचं निम्मं ऊन तरी हवंच. ठोंब जितका उंच होणार तितकं अंतर दोघांत सोडावं. पहिल्या वर्षी जागा रिकामी वाटते, ती तशी राहू द्यावी. जागा ठरवताना संध्याकाळी उभं राहून पाहावं: तुरे आपल्या आणि मावळतीच्या मध्ये आले, तर त्यांतून उजेड पाझरतो आणि लागवडीचं चीज होतं.

परदेशी पुस्तकांतलं छाटणीचं वेळापत्रक इथे चालत नाही. तिकडे थंडीत बाग निजते, आपल्याकडे उन्हाळ्यात. दिवाळीनंतर वाळलेलं गवत दोन-तीन महिने उभं ठेवावं. मुनिया दाण्यांसाठी येतात, आणि सुगरणीचा नर हिरव्या उंच पानांच्या पट्ट्या फाडून घरट्यासाठी नेतो, तेव्हा पावसाळ्यातही पानं ओरबाडलेली दिसली तर काळजी नको. ईव्हनिंग ब्राऊन या तपकिरी फुलपाखराच्या अळ्याही गवतावरच वाढतात. शिमग्याआधी मात्र ठोंब विळ्याने वीतभर ठेवून कापावा. वाळलेलं गवत उन्हाळ्यात पेट घेतं आणि उडालेली एक ठिणगी पुरते. वाढीचे कोंब जमिनीलगत असल्यामुळे कापल्याने गवताला इजा होत नाही. कापलेला पाला तिथेच बुंध्याशी पसरावा. परागकणांचा त्रास असणारं कुणी घरात असेल तर ठोंब खिडक्यांपासून लांब लावावेत. सापांची भीती सगळ्यांनाच असते. साप येतो तो उंदरांमागे आणि दगड-विटांच्या ढिगात लपायला, तेव्हा बुंध्याभोवती अडगळ नको आणि दारालगत उंच ठोंब नको.

तीन-चार वर्षांनी ठोंब मधूनच मरू लागतो आणि कडेला हिरवं कडं उरतं. जूनचा पहिला चांगला पाऊस झाला की तो पूर्ण खणून काढावा, कुदळीने तोडून मधला मेलेला भाग खतात टाकावा आणि कडेचे मुठीएवढे तुकडे, प्रत्येकाला चार-पाच फुटवे ठेवून, पानं वीतभर छाटून त्याच दिवशी लावावेत. एका ठोंबाचे सहज आठ-दहा होतात. आपल्याला दोन पुरतात, बाकीचे शेजारच्या सोसायटीत द्यावेत.