मानेतल्या नसेतला गाळ

कुणाच्या अंगावरून वारे गेले की आपण म्हणतो, "धडधाकट माणूस, कारणच कळेना!" नेहमीच्या तपासण्यांत डॉक्टरांनाही कित्येकदा ते सापडत नाही. अशा वेळी मानेकडे पाहावे. गळ्याच्या दोन्ही अंगांना उडणाऱ्या नसा मेंदूला रक्त नेतात. त्यांत चरबीचा थर साचतो. नस अर्धीही बुजलेली नसताना तो फुटतो, वर गुठळी धरते, तिचा तुकडा मेंदूत अडकतो. पाटात ढेकूळ अडकून पुढचे वाफे कोरडे राहावेत, तसे.

हात दहा मिनिटे लुळा पडला, एका डोळ्यापुढे पडदा येऊन गेला, तर "उन्हाने झाले असेल" म्हणून कामाला लागू नका. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. मानेची डॉपलर सोनोग्राफी दुखत नाही. थर निघाला तर गोळ्या रोज, रक्तदाब ताब्यात आणि बिडी-तंबाखू बंद. हे शेवटचे ऐकून घरधनी रागावतील, रागावू देत.